दुपट्ट्याखालचा हात

ताई, लिहून घेनार असान त पयले हे लिहा, की माहा जन्म इंझोरीचा, अन् तोही गोठ्यातला. माहा बाप ज्याच्या घरी सालानं कामाले होता त्यानं आमाले राहाले गोठ्याचीच एक बाजू देली होती, मधात तुराट्यायचा कूड, इकडून आमी, तिकडून बैल. त्यायच्या रवंथाचा आवाज ऐकत ऐकतच मी मोठा झालो, म्हनून बैलाचं मले कोनी शिकवलं नाही. बैल उभा कसा राह्यते, पाय कोनता आधी टेकवते, एवढ्यावरून मी सांगत होतो की याचं वय काय अन् याच्या मालकानं याले किती मारलं. मिसरूड फुटलं तसं मी म्हनलं, बापासारखं दुसऱ्याच्या दाव्याले बांधून राहाचं आपल्याले जमत नाही. व्यापाऱ्यायचे बैल हाकलत पायी पायी या बाजारातून त्या बाजारात फिरलो, पाहून पाहून दलाली शिकलो, लग्न झालं, अनसिंगले घर बांधलं, वावर घेतलं, पोराले शिकवलं. कोनाच्या बापाचं घेतलं नाही. हे सारं आधी लिहा, काहून की आता मले पाहून लोकायले वाटते हा बुढा जन्मापासूनच असा भिताड धरून चालत होता.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाही. बोललं त आजूबाजूच्या चार लोकायले समजते अन् बैलाची किंमत पडते. म्हनून घेनाऱ्याचा मानूस अन् विकनाऱ्याचा मानूस समोरासमोर उभे राह्यतात, मधात दुपट्टा टाकतात, अन् त्याच्याखाली हातात हात घेतात. जितकी बोटं धरली तितका भाव, नुसतं पेर दाबलं त अर्धा. वरून दोघंही पावसापान्याच्या गोष्टी करतात, तुमचा पोरगा काय करते, पोरीचं जमलं का, अन् खाली भांडन चालू राह्यते. ज्यानं आधी हात काढला तो भ्याला, असं समजाचं. अन् माही पकड काय सांगू तुमाले, माह्या हातात बोट आलं की समोरच्याले वाटे दारात सापडलं. लोक म्हनत उत्तमरावचा हात आला की भाव आला. एवढा माहा हात होता. हा जो आता तुमाले चहाच्या कपासंगं थरथरताना दिसून राह्यला, हाच.

आता दशरथ. दशरथ माहा साडू. माही बायको वच्छला अन् त्याची बायको सिंधू सख्ख्या बहिनी, सिंधू धाकटी. गडी रिठदचा, थोडंसं वावर, एक म्हैस, अन् मानूस असा मऊ की चहात साखर नसली तरी सांगनार नाही. त्याले बाजारात मी आनलं, हे मोठ्या अक्षरात लिहा. कासरा कसा धराचा, गिऱ्हाइकाशी बोलताना बैलाच्या कोनत्या बाजूले उभं राहाचं, सारं मी शिकवलं. कित्येक वर्षं तो माह्या मांगं कासरे धरून उभा राह्यला, मी हो म्हनलं त हो, मी चल म्हनलं त चल. तवा मले त्याच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. आपल्या मांगं उभ्या राह्यलेल्या मानसाबद्दल काय वाटनार?

अटॅकसुद्धा त्यालेच आधी आला. हसू नका ताई, खरं सांगतो. उन्हाळ्यात वखर हाकलता हाकलता छातीत कळ आली अन् हा गडी तिथंच धुऱ्यावर बसून बोंबलला, मेलो वं माय, मले दवाखान्यात न्या. शेजारच्या वावरातल्या लोकायनं उचलून गाडीत टाकलं, वाशीमले नेलं, तिथून अकोल्याले, अन् दिवस मावळाच्या आत त्याच्या नसेत जाळी बसलीही. मी भेटाले गेलो अन् त्याची लय मजा घेतली. म्हनलं, काय बे, इतकं बोंबलाचं असते का, सिंधू बाळंतपनात इतकी ओरडली नसन. तोही खाटेवर पडल्या पडल्या हसला. म्हने, भाऊ, भेव लागलं. मी म्हनलं, भेव लागनाऱ्यालेच असं होते. अन् मोसंबी ठेवून घरी आलो.

माही पाळी आली ती पोळ्याच्या आधीच्या बाजारात. बाजार गच्च भरलेला, दुपट्ट्याखाली माहा उजवा हात, समोर एक बाहेरगावचा व्यापारी, लय चिवट. सौदा अर्ध्यावर आला अन् मले घाम फुटला, छातीवर कोनी बैलाचा पाय ठेवावा तसं दाबलं, डाव्या हाताले मुंग्या, जबडा दुखाले लागला. आता तुमीच सांगा, हात काढू कसा? काढला असता त तो बाजारभर सांगत फिरला असता, उत्तमराव भावाले भ्याला. मले वाटलं ग्यास हाय, सकाळी भजे खाल्ले होते. तसाच उभा राह्यलो. पाठीवरून पानी वाहून राह्यलं, डोळ्यासमोर ढोरं हालून राह्यली, अन् मी त्याले इचारून राह्यलो, तुमच्याकडे औंदा कपाशी कशी हाय. सौदा माह्या भावात पटला तवाच हात सोडला. मंग जिऱ्याचा सोडा पेलो, झाडाखाली टेकलो, उतार पडेना, घरी आलो, वच्छलानं ओवा देला, पाठ चोळली. पोरगा वावरातून आला तवा त्यानं माहं तोंड पाहूनच गाडी बोलावली. अकोल्याचा डॉक्टर म्हने, इतका वेळ काय करत होते? मी म्हनलं सौदा. तो म्हने, हृदयाचा एक भाग निकामी झाला, पंपिंग कमी झालं. मी म्हनलं किती कमी, थोडं वाढवून द्या. तो हसला. मले काही हसू आलं नाही, मी खरंच इचारत होतो.

मले त तोंडावर सांगतात, तुमची चूक झाली. कायची चूक? सौदा अर्ध्यावर असताना हात काढला असता त जगूनही काय केलं असतं मी बाजारात? दशरथाले कोनाचा हात धरून राहाचा नव्हता, त्याच्या हातात वखराची मूठ होती, सोडली अन् बोंबलला. नशीब म्हनतात ते याले.

डॉक्टरानं आमाले दोघायलेही सुटी देताना सारखंच सांगतलं होतं. औषधाच्या गोया बंद कराच्या नाही, मीठ कमी, तंबाकू नाही, अन् बसून राहाचं नाही, रोज थोडं थोडं चालाचं, आज अंगनात, उद्या रस्त्यावर. गोयायबद्दल मी त्याच्याशी भाव केला, म्हनलं सकाळची एक कमी करा, रातची ठेवा. तो म्हने काका, हा बाजार नाही. बरं, गोया घेतल्या. पन चालाचं जे होतं ते घरच्यायनं ऐकलंच नाही, त्यायले वाटलं डॉक्टर आपलं सगळ्यायले सारखंच म्हनत असन. माहं घर भरलेलं, पोरगा, सून, वच्छला, पाहुने. मी बाजेवरून पाय खाली सोडला की पोरगा म्हने बाबा, काय पाहिजे, मी देतो. पान्याचा गडवा हातात घेतला की सून म्हने मामंजी, ठेवा. सोयरेधायरे येत, बिस्कुटाचे पुडे अन् सफरचंद घेऊन, अन् जाताना सारेच म्हनत, लय मेहनत केली आयुष्यभर, आता झोपून राहा राजासारखं. म्हनून मी झोपलो. मले बरंही वाटलं, खोटं कशाले बोलू. गोठ्यात जन्मलेल्या मानसाले गादीवर कोनी आनून देते, हे सुख कोनाले नको?

अन् तिकडे दशरथाले कोनी झोपू देलं नाही. पोरी नांदाले गेल्या, त्याच्या घरी दुसरं मानूसच नाही. सिंधू सकाळी निंदाले मजुरीनं जाय, म्हैस दाव्याले ओरडे, तिले पानी कोन दाखवनार, यालेच उठा लागे. आधी अंगनात, मंग विहिरीवर, मंग देवळालोक, मंग वावरालोक. डॉक्टरानं जसं सांगतलं तसं, शाळेतल्या पोरासारखं. मी ऐकून म्हनो, बिचारा, अटॅक आलेल्या मानसाले म्हशीमांगं फिरा लागते, गरिबी वाईट. हिवाळा सुरू झाला अन् तो मले भेटाले आला. सायकलीवर. रिठदहून नाही, रिठद दूर हाय, पन बसस्टँडवरून घरालोक कोनाची तरी सायकल मागून आला, वर टोपल्यात पपया. अंगनात सायकल लावली, दम लागला नाही. अन् मी त्याले हात जोडाले बाजेवरून उठलो त माहे गुडघे माह्या संगं उठले नाही. वच्छलानं काखेत हात घातला तवा उभा राह्यलो. त्या दिवसापासून मी त्याच्यावर जळतो, ताई. लिहा, लपवाचं काय त्याच्यात.

लोकायले वाटते अटॅक म्हनजे एकदा आला, वाचला, झालं. तसं नाही ते. मराचं भेव पयल्या महिन्यात जाते. मंग जे सुरू होते त्याले कोनी भेटाले येत नाही. पायाच्या पोटऱ्या कुठी गेल्या मले समजलं नाही, एक दिवस धोतर सावरताना पाह्यलं त नडग्याच राह्यल्या. लोनच्याच्या बरनीचं झाकन उघडत नाही. संडासातून उठताना नळ धरा लागते. नातवाले उचलाचं म्हनलं त सून मधातच घेते. दाराच्या उंबऱ्याले अडखळून पडलो, लागलं काहीच नाही, पन तवापासून उंबऱ्यापाशी आलो की पाय आधी इचार करते. आवाजसुद्धा बारीक झाला. बाजारात मी एका टोकाहून हाक मारली की दुसऱ्या टोकाचा मानूस वळत होता, आता सून स्वयंपाकघरातून म्हनते, काय म्हनलं मामंजी? डॉक्टरानं तपासलं, म्हने हृदयाचं हाय तसंच हाय, पन अंग झिजलं तुमचं, त्याले कमजोरी म्हनतात. म्हनलं, नाव मले मालूम हाय.

अन् वच्छला. मायबाई, तिले दशरथाचं किती कौतुक. अजी, दशरथभाऊ पाहा, सकाळीच फिरून येतात. अजी, दशरथभाऊ अळनी भाजी खातात, तोंडही वाकडं करत नाहीत. मी एक दिवस ताट सरकवलं, म्हनलं जा मंग रिठदले, त्याच्याच घरी राहा. ती म्हने, जाईन, तिथं निदान मानूस स्वतःच्या हातानं पानी घेते. एवढ्या वर्षाच्या संसारात तिनं मले असा जबाब देला नव्हता. पाह्यलं का, त्याच्या तब्येतीनं माह्या घरात बोलनं शिकवलं. म्हने पोटऱ्या पाहा त्यायच्या, जवान पोरासारख्या. मी रागानं म्हनलं, तू कायले पाहतं त्याच्या पोटऱ्या? तवा हसली. पन मी सांगतो, मीही पाहतो. तो बसला की माही नजर आधी तिथंच जाते.

उन्हाळा लागला अन् मी म्हनलं आता बास, बाजारात जातो. पोरानं मोटारसायकलवर नेलं. लोक भेटले, रामराम झाला, चहा झाला, छाती भरून आली, दुखून नाही, आनंदानं. एक जुना ओळखीचा शेतकरी, त्याची गोऱ्ह्यायची जोडी, मी त्याच्याकडून उभा राह्यलो. दुपट्टा टाकला, हातात हात घेतला. मी समोरच्याची बोटं धरली अन् दाबली, माह्या मतानं दाबली. त्याले समजलीच नाही. एक बोट माह्या मुठीतून कधी निसटलं ते मले कळलं नाही, अन् त्यानं कमी भाव धरून होकार देला. दुपट्टा काढला, भाव सांगतला, अन् शेतकरी ओरडला, उत्तमराव, इतक्यात नाही म्हनलं होतं मी. घेनारा म्हने, हातात देलं त्यानं, आता पलटतो काय? मी म्हनलं तुह्या हातात बोट धराची अक्कल नाही. त्यानं शिवी देली, मी त्याच्या अंगावर गेलो, अन् दोन पावलावर बसून पडलो. बसून पडलो, ताई, भर बाजारात, पोट्टे हसले. अन् मधात कोन आला? दशरथ. कासरे टाकून आला, मले उठवलं, सावलीत बसवलं, मंग गेला, दुपट्टा उचलला, अन् दोघायचा सौदा पुन्हा पहिल्यापासून केला. नीट केला. शेतकरी खुश, घेनाराही खुश. मी सावलीतून पाहून राह्यलो, हातात कोनीतरी देलेला पान्याचा गिलास. तो कसा उभा राह्यला, मान कशी वाकडी ठेवली, पोरीचं लग्न जमलं का म्हनून कसं इचारलं, सारं माहं. माहंच सारं त्याच्या अंगात उभं होतं.

पुढच्या बाजारापासून लोक त्यालेच बोलवाले लागले. मी बोलनं बंद केलं त्याच्याशी. सिंधू आली वच्छलाकडे, रडली, म्हने त्यायनं काय केलं? वच्छला मले म्हने, काय केलं त्यायनं, सांगा. काय सांगू तिले? जिवंत राह्यला, नीट राह्यला, माह्या जागी राह्यला, हे काय कोनाच्या नावानं फिर्याद कराची गोष्ट हाय? पन माह्या पोटात ते होतं.

पोरानं मंग मले वाशीमले एका पोरीकडे नेलं, व्यायाम शिकवते ती, डॉक्टरीनच म्हना. तिनं माह्या हातात एक यंत्र देलं, म्हने काका, दाबा जितकं जमते तितकं. दाबलं. तिनं काटा पाह्यला अन् वहीत आकडा लिहून घेतला. मी म्हनलं, रिठदचा दशरथ येऊन गेला का तुमच्याकडे? म्हने येतात. म्हनलं, त्याचा काटा किती आला? म्हने काका, दुसऱ्याचं सांगता येत नाही. म्हनलं, आकडा नको सांगू, एवढंच सांग, माह्याहून पुढं की मांगं? म्हने नाही सांगता येत. म्हनलं, बरं, मान हालव फक्त. ती पोरगी इतकी हसली की तिच्या डोळ्यात पानी आलं, पन मान काही हालवली नाही. धंद्यात असती त लय पुढं गेली असती. मंग म्हने, काका, मूठ नुसती हाताची नसते, मूठ ढिली झाली म्हनजे सारं अंग ढिलं झालं. हृदय होतं तसं पूर्न होनार नाही, पन पाय अन् हात थोडे परत येतील, रोज केलं त. तिनं एक नरम चेंडू देला दाबाले. लेकराचा खेळ तो, मी घरी येऊन नातवाले देऊन टाकला. पन सकाळी सून कनीक मळाले बसली त मी म्हनलं, परात इकडे दे. तिले वाटलं बुढ्याचं डोकं फिरलं. वच्छला म्हने, देऊन टाक वं, मळू दे.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी तुमाले बसवून ठेवलं. घरी माही स्वतःची बैलजोडी होती, लालकंधारी, वासरं असताना घेतलेली. पोरगा ट्रॅक्टरनंच सारं करते, जोडी नुसती उभी. पोरगा म्हने बाबा, विकू. मी म्हनलं इकू, पन सौदा मी करीन. घरात कालवा झाला. पोरगा म्हने मांगच्या वेळेस पडले, पुन्हा पडान. म्हनलं, पडलो त उचल, पन माही जोडी दुसऱ्याच्या हातानं इकली गेली त मी त्याच दिवशी मेलो असं समज. वच्छलानं माहा धुतलेला दुपट्टा काढून देला. बाजारात जोडी लावली, अन् गिऱ्हाईक आलं मंगरूळकडचं, भला शेतकरी दिसत होता, बैलाच्या पाठीवर हात फिरवूनच बोलनारा. तो म्हने, माह्याकडून दशरथभाऊ उभे राह्यतीन.

उभा राह्यला समोर. किती महिन्यानं तोंड पाह्यलं त्याचं. म्हने, भाऊ, तब्येत कशी हाय? म्हनलं, दुपट्टा टाक. टाकला. हातात हात आला. त्याचा हात कसा होता सांगू, दोरानं घट्टे पडलेला, गरम, अन् माहा नरम, लेकरावानी. त्यानं माही बोटं धरली. कशी धरली? जसं कोनी दवाखान्यात आजाऱ्याचा हात धरते तशी. अन् भाव काय देला! मी मनात जो धरून आलो होतो, त्याच्याही वरचा. पहिल्याच झटक्याले. कोनता घेनारा असा सुरुवात करते? माह्या लक्षात आलं. तो माह्यावर दया करून राह्यला होता, दुपट्ट्याखाली, कोनाले दिसनार नाही अशी. वरून म्हने, नातू शाळेत जातो का?

ताई, माह्या जागी दुसरा असता त त्यानं हो म्हनलं असतं, जोडी वरच्या भावानं गेली असती, बाजारात नाव झालं असतं की उत्तमराव अजून हाय. माह्याही मनात एक क्षन आलं, घे. पन बाजूले तो मंगरूळचा मानूस उभा, त्याच्या विश्वासावर उभा, अन् हा त्याचं कापून मले दान देऊन राह्यला. अन् दान कोनाले, मले? मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. म्हनलं, काय बे दशऱ्या, मी मेलो काय? त्या मानसाले बुडवतं? मी तुले हे शिकवलं? धर नीट, नाही त हात तोडीन. त्यानं माह्याकडे पाह्यलं, डोळे असे भरून आले त्याचे. म्हने, भाऊ, तुमाले दम लागते. म्हनलं, लागू दे, माहा दम हाय, तुह्या बापाचा नाही. धर.

मंग धरलं त्यानं. अरे बापा. जसं मी लोकायले धरत होतो तसं. माही हाडं कडकड वाजली. भाव पार खाली नेला त्यानं, मी बोटं मुडपली, त्यानं सोडवली, मी पेर दाबलं, त्यानं नाकारलं. मले घाम आला, छाती धडधडली, पाय कापाले लागले, पोरगा बाजूले उभा राहून पांढरा पडला. मी म्हनलं, पाऊस बरा हाय नाही औंदा. दशरथ म्हने, हो भाऊ, कपाशी झकास. अन् खाली त्यानं माही दोन बोटं एकदम आवळली अन् मले होकार देऊन टाका लागला. त्यानं मले हरवलं. जोडी गेली, माह्या मनातल्या भावाहून खाली गेली. दुपट्टा काढला त माह्या हातावर त्याच्या बोटायचे लाल वळ. मी त्याले भर बाजारात माय-बहिनीवरून शिव्या देल्या, चोर म्हनलं, कृतघ्न म्हनलं, सारा बाजार ऐके. पोरानं गाडीवर बसवलं तरी देत होतो. दशरथ नुसता उभा, मान खाली, हसून राह्यला होता का रडून राह्यला होता, मले दिसलं नाही.

घरी आलो, वच्छला म्हने काय झालं? म्हनलं, लुटलं तुह्या बहिनीच्या नवऱ्यानं मले, मुळासकट लुटलं. अन् ताट मांगलं. दीड भाकर खाल्ली, अळनी भाजीसंगं. कितीक महिन्यात मी एवढं जेवलो नव्हतो. ती माह्या तोंडाकडे पाहून राह्यली, म्हने लुटलं म्हनता अन् दात काहून दाखवता? मी म्हनलं, तुले बाजारातलं काय समजते, भाकर वाढ.

आता असं हाय. सकाळी बसस्टँडच्या रस्त्यानं चालत जातो, मधात पुलापाशी बसतो, परत येतो. दम लागते. काही दिवशी जमत नाही, बाजेवरच राह्यतो, पाय सुजतात, मंग पोरगा दवाखान्यात नेते. कनीक मीच मळतो, सून आता आपल्याहूनच परात आनून ठेवते, म्हनते मामंजी, तुमच्या हातच्या पोळ्या नरम होतात. डॉक्टर म्हनते पयल्यासारखं होनार नाही, एवढंच टिकवा. असन, त्यायले जास्त समजते. मी काही पुन्हा दलाली करनार नाही, तेही मले मालूम हाय. पन दशरथाशी एक सौदा बाकी हाय माहा, एक होईन, कधीतरी, गोऱ्ह्याचा होवो की म्हशीचा, अन् त्या दिवशी मी त्याची बोटं अशी आवळीन की त्याले सिंधूचं बाळंतपन आठवन.

जळन गेली का म्हनान त नाही गेली. कालच आला होता, सोयाबीनचं पोतं एकट्यानं गाडीवरून उतरवलं माह्या अंगनात, मुद्दाम, मी म्हनतो मुद्दाम. तरी देवाले मी एकच मांगतो, त्याच्या हातापायाले काही होऊ नये. तो खाटेवर पडला त मी कोनाकडे पाहून उठू? तुमी रिठदले जानार असान त त्याचंही लिहून घ्या, मानूस चांगला हाय, खरं सांगन. फक्त एक करा ताई, त्याचं माह्याहून मोठं लिहू नका.